६४ दाणे उगवले, तरी बियाणं नापास का होत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. शेतकरी गटासाठी तुम्ही सोयाबीनचं बियाणं घेतलंत. टॅगवर किमान उगवण ७० टक्के लिहिली आहे. तुम्ही १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, ६४ उगवले. मग कॉलेजात शिकलेली प्रमाणाची चाचणी लावलीत. झेड, म्हणजे निकाल अपेक्षेपासून किती दूर पडला त्याचं माप, आला उणे १.३१ आणि पी-मूल्य, म्हणजे टॅग खरा असताना इतका कमी निकाल येण्याची शक्यता, ०.०९५. पी-मूल्य पाच टक्क्यांच्या खाली नाही, म्हणून पाच टक्के पातळीला शून्य परिकल्पना, म्हणजे आपल्या पुस्तकातली नल हायपोथेसिस, इथे 'टॅग खरा आहे' हे गृहीत, फेटाळता येत नाही. तर आता गटाला 'बियाणं सत्तर टक्क्यांचं आहे' असं सांगायचं का? त्यात तुमचे दोन मित्र पर्यायी परिकल्पनेवरून, म्हणजे शून्य परिकल्पना फेटाळली तर तिच्या जागी काय मानायचं त्यावरून, वाद घालतायत. एक म्हणतो 'प्रमाण ०.६४ आहे' असं लिही, दुसरा म्हणतो 'प्रमाण ०.७० नाही' एवढंच लिही.

गणित बरोबर आहे. गटाला मात्र तसं सांगू नका. आणि दोन्ही मित्रांचं ऐकू नका.

बियाणं तपासणीत आणि नंतर कृषीच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. झेडचं सूत्र चुकणारा माणूस मला क्वचित भेटला. परिकल्पना उलट्या बाजूने मांडणारा मात्र दर हंगामात भेटला, आणि एकदा तो मीच होतो. ते पुढे सांगतो.

आधी एक काम करा. ज्या प्रमाणाची चाचणी करताय ते प्रमाण कशाचं, हे एका मराठी वाक्यात लिहून काढा. चिन्ह नको, वाक्य हवं. मी असं लिहीन: 'या लॉटमधल्या सगळ्या शुद्ध दाण्यांपैकी, योग्य ओल आणि ऊब मिळाल्यास ठरलेल्या दिवसांत धड रोप देऊ शकतील अशा दाण्यांचं प्रमाण.' वाक्य लांबलचक आहे, पण त्यातल्या प्रत्येक शब्दावरून मी भांडणं होताना पाहिली आहेत. लॉट म्हणजे समोरची एक बॅग नव्हे, त्या लॉट नंबरच्या सगळ्या बॅगा. शुद्ध दाणे म्हणजे काडीकचरा आणि इतर पिकांचे दाणे बाजूला काढून उरलेले. धड रोप म्हणजे मुळी आणि कोंब दोन्ही शाबूत असलेलं. नुसती मुळी फुटून कोंब कुजलेला दाणा प्रयोगशाळेत उगवलेल्यांत धरत नाहीत, विकृत रोपांत धरतात. तुमच्या ६४ मध्ये असे किती होते? घरच्या चाचणीत लोक 'मोड आला की उगवला' असं मोजतात. सात-आठ दाणे त्यातलेच निघाले तर तुमचा आकडा ५७ वर येतो आणि मग ही सगळी चर्चाच बदलते. म्हणून आधी ते बघा.

त्या वाक्यात शेताचा उल्लेख नाही, हेही लक्षात घ्या. गोणपाटातली उगवण आणि शेतातली उगवण ही दोन वेगळी प्रमाणं आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ न देता पेरलं, दाणा खोल गेला, वर ढेप बसली, तर ८० टक्क्यांचं बियाणंही शेतात विरळ दिसतं. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा महाराष्ट्रात ढीग पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. त्याआधीच्या ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर पाऊस पडून सोयाबीन भिजलं होतं. त्या सगळ्या वादात बियाण्याची उगवण आणि शेतातली उगवण इतकी एकमेकांत मिसळली गेली की कोण कशाबद्दल बोलतोय हेच कळेना. तुमची चाचणी फक्त पहिल्या प्रमाणाबद्दल बोलते.

आता पहिल्या मित्राचं म्हणणं. ०.६४ हा तुमच्या शंभर दाण्यांचा आकडा आहे. तो तुम्ही मोजलाय, त्याच्याबद्दल शंका कसली? परिकल्पना मांडायची ती न मोजलेल्या, कधीच पूर्ण मोजता न येणाऱ्या समष्टीबद्दल, म्हणजे सगळ्या लॉटबद्दल. दोन्ही परिकल्पनांमध्ये येणारा आकडा बाहेरून यायला हवा. कायद्यातून, करारातून, मागच्या अनुभवातून, कुठूनही, पण नमुन्यातून नाही. तुमच्या बाबतीत तो ०.७० आहे, कारण १९६६ च्या बियाणे कायद्याखाली सोयाबीनसाठी किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. गणपतीच्या दिवशी दाणे भिजवा नाहीतर अक्षय्य तृतीयेला, ०.७० हलत नाही. ०.६४ मात्र दर खेपेला बदलेल. परिकल्पनेत तुमच्या नमुन्याचा आकडा दिसला की समजा, गाडं रुळावरून घसरलं.

दुसऱ्या मित्राची चूक जरा बारीक आहे. 'प्रमाण ०.७० नाही' म्हणजे कमीही चालेल, जास्तही चालेल, फरक असला की झालं. अशी दोन टोकांची चाचणी कधी कधी लागते. आमच्याकडे दोन प्रयोगशाळा एकाच लॉटची तपासणी करायच्या. त्यात कोण जास्त मोजतंय आणि कोण कमी, याबद्दल आधीपासून काही मत नसायचं. तिथे दोन्ही टोकं बघणं रास्त होतं. पण ७८ टक्के उगवण निघाली म्हणून दुकानदाराच्या दारात जाऊन बसलेला शेतकरी मी पाहिलेला नाही. तुमची तक्रार एकाच दिशेची आहे, तेव्हा पर्यायी परिकल्पनाही एकाच दिशेची: प्रमाण ०.७० पेक्षा कमी आहे.

म्हणजे तुम्ही जी मांडणी केलीत तीच. शून्य परिकल्पना: प्रमाण ०.७० (किंवा त्याहून जास्त). पर्यायी: ०.७० पेक्षा कमी. पुस्तकात उत्तर इथेच संपतं. मला वाटतं खरा प्रश्न इथून सुरू होतो, कारण ही मांडणी बरोबर आहे की चूक हे तुम्ही कोणाच्या खुर्चीत बसलाय त्यावर ठरतं.

समजा तुम्ही १०० ऐवजी ४०० दाणे ठेवले. प्रयोगशाळेतही शंभर-शंभरचे चार भाग करून ४०० च ठेवतात. प्रमाण खरंच ०.७० असेल तर ४०० दाण्यांतली प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुन्याचा आकडा निव्वळ योगायोगाने साधारण किती हलतो ते) होते √(०.७० × ०.३० ÷ ४००), म्हणजे ०.०२२९. एका टोकाच्या पाच टक्के चाचणीसाठी १.६४५ ने गुणा, ०.०३७७ येतात. तर 'सत्तरपेक्षा कमी' हे सिद्ध व्हायला तुमचे जास्तीत जास्त २६४ दाणे उगवलेले असायला हवेत, म्हणजे ६६ टक्के. आता मांडणी उलटी करा. शून्य परिकल्पना: प्रमाण ०.७० किंवा कमी. पर्यायी: ०.७० पेक्षा जास्त. हे सिद्ध व्हायला किमान २९६ उगवायला हवेत, ७४ टक्के.

मधले २६५ ते २९५ कोणाचे?

तिथे दोन्ही चाचण्या 'फेटाळता येत नाही' असंच म्हणतात. बियाणं वाईट आहे हे सिद्ध होत नाही, चांगलं आहे हेही सिद्ध होत नाही. या मधल्या पट्ट्यात संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, एवढंच शून्य परिकल्पना ठरवते. बरोबरीचं चिन्ह ज्याच्या पदरात, तो काही सिद्ध न करता सुटतो. तुमच्या मांडणीत ते विकणाऱ्याच्या पदरात आहे. टॅग खरा मानून चाललोय, खोटा असल्याचा पुरावा आणायची जबाबदारी तुमची. तक्रार करायची असेल तर हे न्यायाचंच आहे. आरोप करणाऱ्याने पुरावा आणावा.

पण तुमचा गट उद्या स्वतःच्या सभासदांचं घरचं बियाणं गोळा करून, स्वच्छ करून इतरांना 'सत्तर टक्क्यांची खात्री' म्हणून देणार असेल तर? तेव्हा तुम्ही त्या खुर्चीत नाही. खात्री देणारे तुम्ही आहात, तर सिद्धही तुम्हीच करायला हवं. तिथे शून्य परिकल्पना 'प्रमाण ०.७० किंवा त्याहून कमी' अशी धरा आणि पर्यायी 'जास्त'. मग ४०० त २९२ उगवले, म्हणजे ७३ टक्के आले, तरी झेड फक्त १.३१ भरतो. गंमत बघा, तुमचाच आकडा, फक्त चिन्ह उलटं. त्र्याहत्तर टक्के बघून मंडळी टाळ्या वाजवतात, आणि चाचणी म्हणते अजून खात्री नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सूत्राआधी एकच गोष्ट विचारायचो: काहीच सिद्ध झालं नाही तर तू काय करणार आहेस? जे करणार आहेस ती तुझी शून्य परिकल्पना. काही सिद्ध न झाल्यास तुमचा गट बियाणं पेरणार असेल तर शून्य परिकल्पना 'ठीक आहे' ही. काही सिद्ध न झाल्यास पेरणार नसाल तर 'ठीक नाही' ही. पुस्तकं सांगतात की जे सिद्ध करायचंय ते पर्यायी परिकल्पनेत घाला. तेही खरंच आहे, पण त्या सूचनेने पोरं गोंधळतात, कारण आपल्याला काय सिद्ध करायचंय हेच त्यांना ठाऊक नसतं. काय करायचंय ते ठाऊक असतं.

याच कारणासाठी 'फेटाळता आली नाही' म्हणजे 'खरी ठरली' असं होत नाही. तुमच्या ०.०९५ चा अर्थ इतकाच की लॉट खरोखर ७० टक्क्यांचा असता, तर शंभर दाण्यांच्या नमुन्यात ६४ किंवा त्याहून कमी उगवण्याचा योग साडेनऊ टक्के वेळा आला असता. फारसा दुर्मीळ नाही, अगदी रोजचाही नाही. लॉट चांगला असण्याची शक्यता साडेनऊ टक्के, किंवा साडेनव्वद टक्के, असं काहीही तो आकडा म्हणत नाही. ही गफलत पीएचडी झालेल्यांकडूनही होते, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आकडेमोडीबद्दल दोनच गोष्टी, कारण ती तुम्हाला जमलीच आहे. प्रमाण त्रुटीत तुम्ही ०.७० आणि ०.३० घातलेत, ०.६४ आणि ०.३६ नाही. हे बरोबर केलंत. शून्य परिकल्पना खरी धरून जग कसं दिसेल ते आपण बघतोय, तर त्रुटीही त्याच जगातली हवी. विश्वासांतर, म्हणजे खरं प्रमाण जिथे असावं तो ९५ टक्के भरवशाचा पट्टा, काढताना मात्र असं काही गृहीत धरलेलं नसतं, म्हणून तिथे ०.६४ वापरतात, ते येतं साधारण ५४.६ ते ७३.४ टक्के. दुसरी गोष्ट, प्रसामान्य वक्र (झेडच्या मागचा घंटेच्या आकाराचा नॉर्मल वक्र) वापरायला अपेक्षित उगवलेले आणि अपेक्षित न उगवलेले दोन्ही किमान दहा तरी हवेत, असा ढोबळ नियम आहे. तुमचे ७० आणि ३०, म्हणजे आरामात. कोणी वीसच दाणे ठेवले असतील तर न उगवणारे अपेक्षित सहाच. तिथे सरळ द्विपद वितरणाने (बायनॉमियल, म्हणजे अंदाजी वक्राऐवजी एकेका दाण्याच्या हिशेबाने) मोजा.

खरं तर शंभर दाण्यांनाही द्विपदाने मोजलेलं बरं, संगणक असताना कंजुषी कशाला? ६४ साठी द्विपदाने ०.११६ येतं, तुमच्या ०.०९५ ऐवजी. निष्कर्ष तोच. पण ६२ उगवले असते तर पंचाईत झाली असती. झेडने ०.०४० येतं, द्विपदाने ०.०५३. एक म्हणतो नापास, दुसरा म्हणतो नाही. आमच्याकडे अशा एका लॉटवरून दोन सहकारी दिवसभर एकमेकांशी बोलले नव्हते. कोणतं गणित वापरायचं तेही म्हणून आधीच ठरवून ठेवावं.

'आधी' या शब्दावर मी अडून का बसतो, त्याची गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला एका लॉटचे ४०० दाणे ठेवले होते, पिकाचं नाव सांगत नाही. मांडणी दोन टोकांची ठरली होती. आकडे आले, पी-मूल्य ०.०८. वरिष्ठांना निकाल लवकर हवा होता आणि तो 'नापास' असा आला तर बरं, अशी कुजबुज होती. मी म्हटलं, आपली शंका तर खालच्याच बाजूची आहे, एक टोक पुरे. पी-मूल्य निम्मं झालं, ०.०४. लॉट नापास. कागदावर सगळं नीटनेटकं. पुढच्या महिन्यात राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला गेला आणि तो व्यवस्थित पास झाला. माझ्या निर्णयात खोटं काहीच नव्हतं, फक्त आकडे बघून मी दिशा निवडली होती. तसं करणाऱ्याची पाच टक्के चाचणी मुळात दहा टक्क्यांची असते, फक्त तो तसं कोणाला सांगत नाही, स्वतःलाही नाही.

म्हणूनच, 'मग पातळी दहा टक्के धरली तर ०.०९५ ला फेटाळता येईल ना?' हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. दाणे भिजवण्याआधी दहा टक्के ठरवली असतीत तर मी आक्षेप घेतला नसता. किंबहुना तुमच्यासारख्यांना मी दहाच सुचवली असती, कारण इथे दोन चुकांची किंमत सारखी नाही. चांगलं बियाणं वाईट ठरवलंत तर दुकानदाराशी वाद होईल, बदलून आणायचे हेलपाटे पडतील, आणि मृग लागला असेल तर जीव टांगणीला लागेल. वाईट बियाणं चांगलं समजून पेरलंत तर दुबार पेरणी. बियाणं, खत, मजुरी, गेलेला वाफसा, सगळं दुप्पट. ज्याला दुसरी चूक जास्त महाग पडते त्याने पहिली चूक थोडी जास्त करायची तयारी ठेवावी. पाच टक्के काही वेदात लिहिलेले नाहीत. पण आता, ०.०९५ बघितल्यावर, नाही.

तर शंभर दाण्यांत तुम्हाला उत्तर का मिळालं नाही? कारण शंभर कमी आहेत. समजा लॉट खरोखर ६४ टक्क्यांचाच आहे. शंभर दाण्यांच्या, पाच टक्के पातळीच्या तुमच्या चाचणीत तो पकडला जाण्यासाठी ६२ किंवा कमी दाणे उगवायला हवेत, आणि ६४ टक्क्यांच्या लॉटमध्ये असं साधारण ३८ टक्के वेळाच होतं. म्हणजे सहा टक्के कमी उगवणारं बियाणं तुमच्या चाचणीतून दहापैकी सहा वेळा निसटून जातं. अशा जाळ्यात मासा आला नाही म्हणून तळ्यात मासा नाही असं कसं म्हणणार? तोच ६४ टक्क्यांचा लॉट दहापैकी आठ वेळा पकडायचा असेल तर सुमारे ३७५ दाणे लागतात. प्रयोगशाळेतले ४०० काही उगीच नाहीत. आणि ४०० त याच प्रमाणाने २५६ उगवले असते तर झेड उणे २.६२ आणि पी-मूल्य ०.००४ आलं असतं. टक्केवारी तीच, निकाल वेगळा.

किती दाणे ठेवायचे हे मात्र तुम्हाला किती फरक महत्त्वाचा वाटतो यावर आहे. ६९ टक्क्यांचा लॉट ७० पासून वेगळा ओळखायचा म्हटलं तर हजारो दाणे लागतील आणि त्याचा शेतात उपयोग शून्य. ५० टक्क्यांचा ओळखायला पन्नास दाणेही पुरतात. नमुन्याचा आकार ठरवणं हे परिकल्पना मांडण्याचाच भाग आहे. पुस्तकांत ते वेगळ्या प्रकरणात असतं, म्हणून बरेच जण ते परीक्षेनंतर वाचायचं ठेवतात.

आता ज्यावर मला सर्वात जास्त बोलायचंय ते: दाणे आले कुठून? चाचणी धरून चालते की प्रत्येक दाणा लॉटमधून चिठ्ठी काढल्यासारखा आला. बॅगेचं तोंड उघडून वरची मूठ घेतलीत तर तसं होत नाही. सोयाबीनचं साल पातळ असतं. बॅग ट्रॉलीतून आपटली, मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले, थप्पी फार उंच लावली, की आत दाणा दुखावतो आणि बाहेरून चकचकीत दिसतो. त्यामुळे एकाच लॉटमधल्या दोन बॅगांत दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. तुमचे शंभरही दाणे एका बॅगेतले असतील तर ते शंभर स्वतंत्र साक्षीदार नाहीत, एकाच घरातली शंभर माणसं आहेत. प्रमाण त्रुटी ०.०४६ नव्हे, त्याहून बरीच मोठी आहे, आणि किती मोठी हे एका बॅगेवरून कळायला मार्ग नाही. आमच्या गोदामात एकदा नमुने दरवाजाजवळच्याच थप्पीतून काढले गेले, कारण आत जायला वाट नव्हती. ती थप्पी चैत्र-वैशाखात पत्र्याखाली उन्हात तापलेली. लॉट ५८ टक्क्यांवर बसला. आतल्या बॅगा नंतर तपासल्या तर बऱ्यापैकी होत्या.

अशा वेळी दाणे वाढवून काही होत नाही. दरवाजाजवळचे चारशे काय आणि चार हजार काय, ते दरवाजाजवळचंच सांगणार. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे याच मुद्द्यावर दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबीस यांच्याशी भिडले होते. सुखात्मे लंडनला नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्याजवळ शिकून आलेले. परिकल्पना चाचणीची आजची चौकट १९३३ साली मांडली ती याच दोघांनी. वाद होता पीक कापणी प्रयोगातला, म्हणजे उत्पन्नाच्या अंदाजासाठी शेतातला कापून मोजायचा, तुकडा केवढा घ्यायचा याचा. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे, कारण ते स्वस्त पडतात आणि म्हणून जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. असे तुकडे कितीही वाढवले तरी तो फुगवटा उतरत नाही. गहू-भाताच्या शेतात उभं राहून शिकलेली ही गोष्ट मला कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त कामाला आली.

तुमच्यासाठी त्याचा सरळ अर्थ असा: लॉटच्या जितक्या बॅगा गटाकडे आहेत त्यातल्या शक्य तितक्या उघडा. प्रत्येकीतून वरून, मधून, तळातून थोडे दाणे काढा; पोत्यात खुपसायची पोकळ टोकदार नळी मिळाली तर उत्तम. सगळे एकत्र करून, ढवळून, ढीग निम्मा-निम्मा करत आणा आणि शेवटी उरलेल्यातून न निवडता ४०० मोजा. 'न निवडता' हे अवघड असतं. चुरगळलेला दाणा दिसला की हात आपोआप बाजूला जातो. शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या करा आणि चारही आकडे वेगळे लिहा. सरासरी सत्तरच्या आसपास असताना चार भागांत सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्यात १८ टक्क्यांपर्यंत फरक पडला तरी आंतरराष्ट्रीय बीज तपासणीत तो योगायोगाचाच मानतात. त्याहून जास्त पडला तर चाचणीच पुन्हा लावतात: कुठे पाणी जास्त झालं असेल, कुठे बुरशी.

आधीच्या शंभरात आणखी तीनशे मिळवावेत का, असंही तुम्ही म्हणाल. मी मिळवणार नाही. ६४ चा आकडा बघून तुम्ही पुढे जायचं ठरवलंय. ७४ आले असते तर कदाचित थांबला असतात. मनासारखं येईपर्यंत दाणे वाढवत राहणारी चाचणी शेवटी कधी ना कधी फेटाळतेच. पहिले शंभर ही रंगीत तालीम समजा आणि नवे ४०० घ्या. दाणे काही महाग नाहीत, आठवडाच काय तो जाईल.

आणि ते भिजवण्याआधी एका कागदावर असं काहीतरी लिहून गटातल्या दोघांच्या सह्या घ्या: लॉट अमुक, बॅगा अमुक. प्रमाण म्हणजे आठव्या दिवशी मुळी आणि कोंब दोन्ही धड असलेल्या रोपांचं. शून्य परिकल्पना, प्रमाण ०.७० किंवा जास्त. पर्यायी परिकल्पना, ०.७० पेक्षा कमी. एक टोक, पातळी दहा टक्के. दाणे ४००. गणित द्विपदाने. फेटाळलं तर बियाणं परत. नाही फेटाळलं तर पेरायचं, आणि सरासरीनुसार बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. कागद इतका साधा असावा की गटातल्या काकांनाही वाचून कळेल आणि नंतर कोणाला 'मी तसं म्हणालोच नव्हतो' म्हणता येणार नाही.

कागदावरचं बियाण्याचं प्रमाण वाढवण्याचं शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं, कारण 'पेरायचं' आणि 'परत' यांच्या मध्ये तिसरा रस्ता आहे आणि चाचणी तो दाखवत नाही. सोयाबीनची शिफारस ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो. आजच्या घडीला तुमचा सर्वात चांगला अंदाज ६४ आहे, तर ३० × ७० ÷ ६४, म्हणजे एकरी ३३ किलोच्या आसपास. तीन किलो बियाण्यात तुमची बरीचशी जोखीम कमी होते. पुढच्या ४०० ची सरासरी साठच्याही खाली गेली तर मात्र किलो वाढवत बसू नका. इतकं दुबळं बियाणं उगवलं तरी रोप जोम धरत नाही.

तक्रारीचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा की तुमच्या गोणपाटाला कायद्यात किंमत नाही, निकाल कितीही चोख असो. त्यासाठी बियाणे निरीक्षकाने रीतसर नमुना घ्यावा लागतो. तो त्याचे तीन भाग करतो, एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक तपासणीला, एक राखून. तेव्हा निदान दोन बॅगा न उघडता, टॅग आणि पावतीसह बाजूला ठेवा. आणि आज गटाला सांगायचं असेल तर एवढंच सांगा: 'शंभरात ६४ उगवले. लॉट सत्तरच्या खाली आहे असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, वर आहे असं तर मुळीच म्हणता येत नाही. चारशे दाणे लावलेत, आठवड्याने सांगतो.'